खुराक की इनाम : खेळाडूंच्या शिष्यवृत्तीमागचा इतिहास

शिष्यवृत्तीमुळे खेळाडू विद्यार्थ्याची खेळाची ओढ वाढते की आटते, हा प्रश्न मानसशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत बारकाईने तपासला असला, तरी आपल्या कुस्तीच्या फडाला तो फार आधीपासून ओळखीचा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या गावच्या यात्रेत फड सुरू होतो तो लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी; मग नारळ, मग रोख रक्कम आणि उन्हं कलताना शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती लागते. इनाम मारलेल्या कुस्तीचे असते. त्याच पैलवानाला तालमीत वर्षभर मिळणारे दूध, तूप, बदाम म्हणजे खुराक मात्र पुढे व्हायच्या कुस्तीसाठी असतो, आणि तो हरला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी त्याचा पेला काढून घेत नाही. महाविद्यालयीन शिष्यवृत्ती या दोहोंपैकी कशात मोडते, यावरच पुढचा सगळा वाद उभा आहे.

या वादाची कागदोपत्री सुरुवात अमेरिकेत झाली. तिथल्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी संघटना १९०६ साली स्थापन झाली, पण खेळाडूंना उघडपणे पैसे द्यावेत की नाही, यावर पुढची पन्नास वर्षे एकमत होईना. १९४८ साली मदतीवर कडक मर्यादा घालणारी संहिता आली आणि काही वर्षांतच मोडली. शेवटी १९५६ साली घरची परिस्थिती न पाहता, केवळ खेळाच्या बळावर, शिक्षणाचा खर्च उचलण्यास मान्यता मिळाली. माझ्या मते खरे वळण त्यानंतरचे आहे. १९७३ साली चार वर्षांची हमी काढून शिष्यवृत्ती एकेका वर्षाची करण्यात आली आणि तिचे नूतनीकरण व्यवहारात प्रशिक्षकाच्या मर्जीवर आले. रक्कम तीच राहिली, पण खुराकाचा लगाम झाला. एकाहून अधिक वर्षांसाठी शिष्यवृत्ती देण्याची मुभा पुन्हा मिळायला २०१२ साल उजाडले.

योगायोग असा की, १९७३ सालच्या या बदलाच्या सुमारासच मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली आपला गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली आणि त्यांपैकी काहींना प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला. नंतर पैसे थांबल्यावर, मोकळ्या वेळात कोणी पाहत नसताना, पैसे घेतलेले विद्यार्थी कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळले; ज्यांना नुसती शाबासकी मिळाली होती, त्यांची गोडी मात्र टिकली. ई. डीन रायन यांनी हाच धागा मैदानावर नेला. शिष्यवृत्तीधारक मुलगे खेळाचा आनंद कमी असल्याचे सांगतात, असे त्यांना १९७७ साली आढळले. पण १९८० सालच्या त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात चित्र दुभंगले. शिष्यवृत्तीधारक अमेरिकन फुटबॉलपटूंची आंतरिक प्रेरणा, म्हणजे खेळाची आतून येणारी ओढ, कमी दिसली, तर कुस्तीगीर आणि महिला खेळाडूंची उलट जास्त. त्याचा अर्थ असा लावला गेला की, फुटबॉलमध्ये शिष्यवृत्ती सर्रास मिळे आणि तिचा दाब सतत जाणवे, तर कुस्तीत आणि मुलींच्या खेळांत ती दुर्मीळ असल्यामुळे मिळणे म्हणजे ‘तुझ्यात काहीतरी आहे’ अशी पावतीच होती. पुढे २००० साली अँथनी अमोरोस आणि थेल्मा हॉर्न यांच्या अभ्यासात शिष्यवृत्तीधारकांची प्रेरणा अधिकच दिसली, आणि प्रशिक्षक शिकवतो कसा, हुकूम सोडतो की विचारात घेतो, यालाही मोठे वजन असल्याचे पुढे आले.

भारतात मोठ्या रकमेची योजना उशिरा आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ साली मंजूर केलेल्या ‘खेलो इंडिया’च्या नव्या स्वरूपात निवडक खेळाडूंना वर्षाला ५ लाख रुपये, तेही ८ वर्षे, देण्याची तरतूद होती.  सोलापूर विद्यापीठातल्या बहुतेक खेळाडूंच्या वाट्याला मात्र फीमाफी, प्रवासभत्ता किंवा किटपुरती मदत येते.

अमेरिकेतले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावू नयेत, असे मला ठामपणे वाटते. सोलापुरातल्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या ज्या घरात आई हजार विड्यांमागे मजुरी मोजून घेते, त्या घरातल्या मुलीसाठी फीमाफी हे आमिष नसते. पहाटे पानं कातरायला न बसता मैदानावर जाण्याची ती परवानगी असते. अशीच एक खो-खो खेळणारी मुलगी मी पाहिली आहे. फक्कीने नुकत्याच आखलेल्या मैदानावर खांबाशी सूर मारताना तिचा गुडघा मुरगळला. बर्फ लावत असताना ती सरांना पहिल्यांदा विचारत होती ते, “सर, पुढच्या वर्षी फी भरावी लागेल का?” आणि सर, जवळ लेखी काहीच नसल्यामुळे, उत्तर न देता पट्टी गुंडाळत राहिले.