गाडी ओढते कुणीकडे?

मामेभावाच्या पिकअपचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, दोन महिन्यांत तीनदा झालं. तिन्ही वेळा छापील कागद हातात मिळाला, त्यावरचे सगळे आकडे हिरवे होते, आणि तिन्ही वेळा आठवडाभरात गाडी परत उजवीकडे जायला लागली. सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग थोडं डावीकडे वळवून धरावं लागायचं. ही गाडी नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरते आणि कल्याणला जाते. रात्री भरल्या गाडीनं घाट उतरताना ती समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर जाऊ पाहते, हे ऐकल्यावर मला राहवेना.

खरं तर ‘उजवीकडे’ या एका शब्दातच बरंच काही होतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता बांधतात. डांबरी रस्त्याला हा उतार मीटरला साधारण दोन-अडीच सेंटीमीटर असतो. आपण चालवतो डाव्या बाजूनं. त्यामुळे स्टीअरिंग सैल सोडलं की निर्दोष गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे उतरते. गाडी डावीकडे ओढते अशी तक्रार असेल तर आधी दुसऱ्या, सपाट रस्त्यावर नेऊन पाहावं. उतार सोडून चढाकडे, म्हणजे उजवीकडे जाणाऱ्या गाडीत मात्र काहीतरी नक्की बिघडलेलं असतं.

अलाइनमेंट म्हणजे मुख्यतः तीन कोन. त्यातला टायरच्या जिवावर उठणारा कोन टो. वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं पुढच्या अंगाला किंचित जवळ आलेली असली की टो-इन, फाकलेली असली की टो-आऊट. मागची चाकं गाडी ढकलत असतात तेव्हा रस्त्याच्या अवरोधानं पुढची चाकं बाहेर फाकू पाहतात, सांधे आणि रबरी बुश थोडे दबतात. म्हणून उभ्या गाडीत ती मुद्दाम एक-दोन मिलिमीटर आत झुकवतात, धावताना ती सरळ होतात. आता समजा हा फरक हवा त्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त झाला. टायरचा व्यास ७० सेंटीमीटर धरला तर प्रत्येक चाक जेमतेम एक-अष्टमांश अंशानं तिरकं झालं. डोळ्याला ते दिसायचं नाही. पण असं चाक दर किलोमीटरला सुमारे २ मीटर आडवं घासलं जातं. शंभर किलोमीटरच्या एका फेरीत दोनशे मीटर! गाडी टायर खाते असं आपण म्हणतो ते हेच.

हे खाणं हाताला कळतं. गाडी बंद करून, टायर गार झाल्यावर तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. टो बिघडलेला असेल तर एका दिशेनं हात सुळकन जातो आणि उलट दिशेनं करवतीच्या दात्यांसारखा अडकतो. टो-इन जास्त असेल तर रबराच्या प्रत्येक पट्टीची बाहेरची कड घासून गोल होते, आतली धारदार राहते. म्हणजे हात आतून बाहेर नेताना अडकेल. टो-आऊटला बरोबर उलट. एकही आकडा न मोजता कोन कुठल्या बाजूला बिघडलाय ते कळलं.

कॅम्बर म्हणजे पुढून पाहताना चाक उभं आहे की कललेलं. तो बिघडला की टायरची एकच कड झिजते, पण गुळगुळीत झिजते, दाते पडत नाहीत. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असली तर दोष कोनाचा नाही, हवा कमी आहे. फक्त मधला पट्टा गेला असेल तर हवा जास्त. पिकअपला पुढच्या-मागच्या टायरची हवा वेगवेगळी सांगितलेली असते आणि चारही चाकांत एकच आकडा भरायची सवय सर्रास दिसते. स्टीअरिंग जड झालंय म्हणून पॉवर स्टीअरिंगचा पंप उघडण्याआधीही पुढच्या टायरची हवा बघावी.

तिसरा कोन कॅस्टर. तो समजायला सायकल पुरे. सायकलचा पुढचा दांडा तिरका असतो. त्याची रेष खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. म्हणून टेकण्याची जागा कायम त्या रेषेच्या मागून ओढली जाते आणि चाक आपोआप सरळ व्हायला पाहतं. वळण संपल्यावर स्टीअरिंग हातातून सरकत परत येतं ते बरंचसं यामुळे. एका बाजूचा कॅस्टर कमी झाला की गाडी त्या बाजूला ओढते.

आता पिकअपची खास अडचण. हौद्यात माल भरला की मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात, नाक वर येतं, कॅस्टर वाढतो. तरीही स्टीअरिंग हलकं लागतं, कारण पुढच्या चाकांवरचं वजनच कमी होतं. फाळका उघडा ठेवून शेवटच्या टोकाला वीस-वीस किलोचे १० क्रेट रचले आणि ते मागच्या एक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, पाऊण मीटर मागे आले, तर पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये ३ मीटर अंतर असलेल्या गाडीत पुढच्या एक्सलवरून तब्बल ५० किलो वजन उचललं जातं. साधी तरफ आहे ही. त्यामुळे ‘भरल्यावर गाडी तरंगते’ ही तक्रार घेऊन रिकामी गाडी अलाइनमेंटला नेली तर मशीनला काहीच सापडत नाही. तक्रार माल भरताना सुरू झाली असेल तर क्रेट पुढे सरकवून एक फेरी मारून बघणं जास्त शहाणपणाचं.

थरथरीचं प्रकरण वेगळं. ठरावीक वेगाला, बहुधा ७०-८०च्या आसपास, स्टीअरिंग थरथरतं आणि त्याच्या खाली-वर शांत असतं, तेव्हा पहिला संशय बॅलन्सिंगवर. चाकाचा तोल साधायला रिमवर लावलेलं ३० ग्रॅमचं शिसं पडून गेलं असं धरा. ८० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला दहा फेऱ्या घेतं आणि ते ३० ग्रॅम जवळपास अडीच किलोच्या जोरानं चाकाला बाहेर ओढतं, सेकंदाला दहा वेळा, दर वेळी नव्या दिशेला. चाक, सांधे आणि स्प्रिंग यांची स्वतःची जी डोलण्याची लय असते तिच्याशी हे ठोके जुळले की झोका वाढत जातो. वेग बदलला की लय तुटते, थरथर थांबते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की अलाइनमेंटचं मशीन कोन मोजतं, खेळ, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, मोजत नाही. स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचा सांधा ढिला असेल तर उभ्या गाडीत चाक जिथे टेकलंय तिथला कोन मशीन इमानदारीनं दाखवतं. गाडी रस्त्यावर खड्ड्यात गेली की चाक दुसरीकडे. त्यामुळे अलाइनमेंट हे शेवटचं काम. आधी खेळ शोधायचा. गाडी जमिनीवरच उभी ठेवून, इंजिन चालू करून एकानं स्टीअरिंग घड्याळाच्या तबकडीवरच्या पाच मिनिटांच्या अंतराएवढं इकडे-तिकडे हलवायचं, दुसऱ्यानं बाजूनं वाकून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. रॉड हलतो पण त्याला जोडलेला तुकडा क्षणभर मागे राहतो, असा सांधा बोटाला लगेच कळतो. मग इंजिन बंद करून, मागच्या चाकांना दगड लावून, जॅकच्या जोडीला स्टँड देऊन पुढचं चाक उचलायचं. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं तर बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोळ्याचा सांधा) किंवा बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते). यातलं कोणतं? कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, कारण ब्रेकनं हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, जखडला गेला. राहिला तर बॉल जॉइंट. ही चाचणी मला फार आवडते: अर्ध्या मिनिटात दोन संशयितांपैकी एक सुटतो.

तशीच दुसरी. गाडी ओढत असेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी बसवा, बाकी कशालाही हात लावू नका. ओढ बाजू बदलून गेली तर दोष टायरमध्येच आहे. रेडियल टायरच्या आतले पट्टे किंचित सरकून बसले असतील तर तो शंकूसारखा एका अंगाला गडगडू पाहतो. फक्त बाणाची खूण असलेले, एकाच दिशेनं फिरणारे टायर असे बदलता येत नाहीत.

मामेभावाच्या गाडीत हे सगळं केलं. हवा ठीक, सांधे घट्ट, टायर एकमेकांच्या जागी बसवूनही ओढ उजवीकडेच. उरली मागची बाजू, जिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, कारण अलाइनमेंटवाल्यानं सेन्सर फक्त पुढच्या दोन चाकांना लावले होते. चारही चाकांना लावले असते तर मशीननंच सांगितलं असतं.

गोठ्यापुढच्या सिमेंटच्या कोब्यावर गाडी सरळ उभी केली. गवंड्याचा ओळंबा आणला. चारही हबच्या मध्यावरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूनं चार खुणा केल्या, गाडी बाजूला घेतली आणि टेप लावला. उजव्या अंगाच्या पुढच्या-मागच्या खुणांत जेवढं अंतर, त्यापेक्षा डाव्या अंगाचं १४ मिलिमीटर जास्त. मागचा एक्सल डावीकडून मागे सरकला होता.

दोन मागच्या चाकांमधलं अंतर १.४ मीटर, म्हणजे एक्सल मीटरला १ सेंटीमीटर तिरका. मागची चाकं गाडीला सरळ न ढकलता शेपूट डावीकडे ढकलत होती, म्हणून नाक उजवीकडे वळत होतं. ते रोखायला पुढची चाकंही अर्ध्या अंशाच्या वर डावीकडे वळवून धरावी लागत. चाक एक अंश वळायला स्टीअरिंग साधारण १६ ते २० अंश फिरवावं लागतं. तेव्हा हातात येणारा तिरकेपणा सुमारे १० अंशांचा, घड्याळात पावणेदोन मिनिटांएवढा. मामेभाऊ म्हणाला, “एवढंच तिरकं धरतो मी!”

पाट्यांच्या गठ्ठ्यातून मधोमध आरपार एक सेंटर बोल्ट जातो. त्याचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसतं आणि एक्सल जागेवर राहतो. खरी पकड मात्र पाटे आणि एक्सल आवळून धरणाऱ्या, यू आकाराच्या यू बोल्टची. ते ढिले पडले की ब्रेकचा आणि खड्ड्यांचा सगळा मार त्या एका बोल्टवर येतो. गावच्या मिस्त्रींनी यू बोल्ट सोडले तेव्हा सेंटर बोल्ट दोन तुकड्यांत हातात आला. तुटलेलं तोंड मी उजेडात धरून पाहिलं. पाऊण भाग काळपट, गंजलेला, नदीकाठच्या वाळूवर पाण्याच्या रेषा उमटाव्यात तशा बारीक कमानी असलेला. उरलेला पाव भाग खरखरीत आणि चकचकीत. बोल्ट एका दणक्यात गेला नव्हता. भेग महिनोन्महिने खड्ड्याखड्ड्यानं आत सरकत होती, आणि चकचकीत भाग तेवढा शेवटच्या दिवशी तुटला होता.

नवा सेंटर बोल्ट, नवे यू बोल्ट, टॉर्क रेंचनं कंपनीनं दिलेल्या मापाला कसले. मग अलाइनमेंट, चारही चाकांचं. मिस्त्रींनी प्रत्येक नटावरून खालच्या प्लेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली. पाटे नव्यानं बसताना थोडे दबतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर परत या म्हणाले. पंधरा दिवसांनी गाडी नेली तेव्हा तीन नटांवरच्या रेघा सरळ होत्या. चौथ्यावरची नखाएवढी सरकली होती. त्यांनी तो नट परत कसला, जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली.