अपलोड वेग (फायबर ब्रॉडबँड)

घरगुती फायबर जोडणीतून माहिती बाहेर पाठवण्याचा वेग. अनेक योजनांत तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. याचा दोष काचेच्या तंतूकडे जात नाही. प्रकाश दोन्ही दिशांना सारखाच धावतो, सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर. तफावत येते ती जाळ्याची रचना, घरातल्या पेटीतला लेझर आणि योजना ठरवणाऱ्याचा हिशेब यांतून. शेवटच्या कारणाचा वाटा सहसा सर्वांत मोठा असतो.

प्रचलित पद्धत जीपॉन ही आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे तिचे मानक (जी.984) 2003 पासून येऊ लागले. कंपनीच्या केंद्रातल्या यंत्राच्या (ओएलटी) एका पोर्टमधून एकच तंतू निघतो आणि वाटेत स्प्लिटर त्याच्या 32 किंवा 64 शाखा करतो. स्प्लिटरला वीज लागत नाही. तो फक्त प्रकाश वाटतो. प्रत्येक शाखेच्या टोकाला घरातली पेटी असते, तिला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. तंतू एकच असला तरी दोन दिशांसाठी प्रकाशाच्या तरंगलांबी वेगळ्या असतात : उतरती (डाउनलोडची) 1490 नॅनोमीटर, चढती (अपलोडची) 1310. एका पोर्टची क्षमता उतरत्या दिशेला 2.488 गिगाबिट, तर चढत्या दिशेला 1.244 गिगाबिट प्रतिसेकंद. म्हणजे अर्ध्याचा फरक मानकातच आहे. 32 घरांनी एकाच वेळी पूर्ण जोर लावला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 78 आणि 39 मेगाबिट येतात, तेही वरखर्च (जाळ्याच्या नियंत्रणात जाणारे बिट) वजा न करता.

उतरत्या दिशेला काम सोपे असते. ओएलटी अखंड प्रकाश पाठवते, तो सगळ्या घरांत पोचतो आणि प्रत्येक पेटी आपल्यापुरते उचलते. बाकीचे कूटबद्ध असू शकते. चढत्या दिशेला मात्र सगळ्या शाखा स्प्लिटरपाशी एकाच तंतूत मिसळतात. दोन पेट्या एकदम बोलल्या तर दोघींचेही वाया जाते. म्हणून ओएलटी 125 मायक्रोसेकंदांच्या चौकटीत कोणी केव्हा आणि किती बाइट पाठवायचे ते नेमून देते. ज्याच्याकडे पाठवायला जास्त साठले आहे त्याला जास्त वेळ, ही विभागणी सतत बदलत असते. घरे वेगवेगळ्या अंतरांवर असतात : 500 मीटरवरचा प्रकाश अडीच मायक्रोसेकंदांत पोचतो, 6 किलोमीटरवरच्याला 30 लागतात. त्यामुळे पेटी जाळ्यात येताना तिचे अंतर मोजले जाते आणि जवळच्या पेटीला मुद्दाम थांबायला लावतात, जेणेकरून सगळ्या एकाच अंतरावर असल्यासारख्या वागतील.

या पाळ्यांमुळेच अपलोड मंदावतो असे सर्रास सांगितले जाते, पण हिशेब तसा निघत नाही. दोन पाळ्यांमधली मोकळी जागा आणि सुरुवातीची ओळखखूण मिळून 96 बिट, म्हणजे 12 बाइट खर्च होतात. चढत्या चौकटीत 19,440 बाइट मावतात. 32 घरांनी प्रत्येकी एकदा पाळी घेतली तरी 384 बाइट जातात, जेमतेम 2 टक्के. खरी अडचण ऐकणाऱ्याची आहे. शेजारच्या इमारतीतला प्रखर झोत संपतो न संपतो तोच लांबच्या वाडीतला फिकट झोत येतो, आणि ओएलटीतल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाला (रिसीव्हरला) 44 बिटांत, म्हणजे सुमारे 35 नॅनोसेकंदांत, स्वतःला जुळवून घ्यावे लागते. वेग दुप्पट केला की हे काम अवघड आणि महाग होते. दुसरीकडे, घरातल्या पेटीत स्वस्त, शीतकरण नसलेला लेझर बसवायचा होता. उन्हाळ्यात तो तापतो आणि त्याची तरंगलांबी सरकते. म्हणून चढत्या दिशेला सुरुवातीला 1260 ते 1360 नॅनोमीटर असा ऐसपैस पट्टा दिला गेला; पुढे तो अरुंद केला. उतरत्या दिशेचा पट्टा 1480 ते 1500 एवढाच आहे.

पण मानक अर्धा वेग देते, आणि योजना कित्येकदा आठवा हिस्सासुद्धा देत नाही. ब्रिटनमध्ये ओपनरीच या जाळे चालवणाऱ्या कंपनीच्या जीपॉनवर 1000 मेगाबिट डाउनलोडसोबत 115 मेगाबिट अपलोड मिळतो. हा आकडा काच ठरवत नाही, कंपनी ठरवते. घरातून बाहेर जाणारी माहिती येणारीपेक्षा कितीतरी कमी असते, आणि समान वेग हवा असणाऱ्या कार्यालयांना तीच कंपनी महागडी लीज्ड लाइन (फक्त त्यांच्यासाठीची स्वतंत्र जोडणी) विकत असते. सवयही जुनी आहे : तांब्याच्या तारेवरच्या एडीएसएलमध्ये अपलोडला वारंवारतेचा अरुंद पट्टा मिळे. मुंबईत एमटीएनएलच्या आणि बाकी महाराष्ट्रात बीएसएनएलच्या ग्राहकांनी ती तफावत वर्षानुवर्षे पाहिली आहे. उलट, जिओफायबरने 2020 मध्ये दोन्ही दिशांना समान वेगाच्या योजना आणल्या. 30 किंवा 100 मेगाबिटच्या योजनेला जीपॉनची चढती क्षमता सहज पुरते, कारण सगळे ग्राहक एकदम अपलोड करत नाहीत. काही सेवादाते जीपॉनऐवजी ईपॉन ही इथरनेटवर आधारलेली पद्धत वापरतात. तिथे दोन्ही दिशांची क्षमता मुळातच सारखी, प्रत्यक्ष 1 गिगाबिट असते.

वापरात फरक असा पडतो : 10 जीबीचा व्हिडिओ 20 मेगाबिटने चढवायला सुमारे 67 मिनिटे लागतात, 100 मेगाबिटने 13. शिवाय अपलोड तुंबला की डाउनलोडही अडखळतो, कारण आलेल्या पाकिटांच्या पोचपावत्या त्याच वाटेने परत जातात. मोबाइलवरचे फोटो क्लाउडवर चढत असताना व्हिडिओ कॉल तुटतो तोही अपलोडची वाट तुंबल्यामुळेच. राउटरमध्ये रांग-नियंत्रणाची (पाकिटे तुंबू न देण्याची) सोय असेल, तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 90 टक्क्यांवर ठेवावी.

अपलोड योजनेपेक्षाही कमी मिळत असेल, तर आधी लॅपटॉप लॅन केबलने जोडून मोजावे. वायफायवर फोनचा प्रक्षेपक राउटरपेक्षा दुबळा असल्याने दोन भिंतींपलीकडे अपलोडच आधी खाली येतो. केबलवरही कमी असेल, तर ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर (ते ब्राउझरमध्ये उघडते) येणाऱ्या प्रकाशाची शक्ती पाहावी. नेहमीच्या उपकरणात उणे 27 डीबीएम (शक्ती मोजण्याचे एकक) ही तळाची मर्यादा. उणे 15 ते उणे 24 असेल तर चिंता नको. हा आकडा उतरत्या प्रकाशाचा असतो. चढता प्रकाश ओएलटीपाशी किती पोचतो ते कंपनीलाच दिसते, म्हणून तक्रार करताना तेच विचारावे. मळलेले टोक किंवा हिरव्या कनेक्टरला जोडलेला निळा, ही नेहमीची कारणे. हिरव्याचे टोक 8 अंशांनी तिरपे घासलेले असते, निळ्याचे नसते. दोघांत फट राहते आणि प्रकाश परत फिरतो.

आणखी एक बिघाड ग्राहकाच्या हाताबाहेरचा आहे. एखादी पेटी बिघडून पाळी सोडूनही प्रकाश फेकत राहते. मग त्या पोर्टवरच्या सगळ्या घरांचा अपलोड कोसळतो, पेट्या वारंवार जाळ्याबाहेर पडतात, आणि दोषी पेटी सापडेपर्यंत तंत्रज्ञाला एकेक शाखा काढून पाहावी लागते.

2016 च्या एक्सजीएस-पॉन या पुढच्या पिढीच्या मानकात दोन्ही दिशांना सुमारे 10 गिगाबिट आहेत. ते 1577 आणि 1270 नॅनोमीटर वापरते, त्यामुळे जुन्या स्प्लिटरवरून जीपॉनच्या सोबतीनेच चालते. ओएलटीचे कार्ड आणि घरातली पेटी मात्र बदलावी लागते.