फेविकॉन

संकेतस्थळाची खूण म्हणून ब्राउझरच्या टॅबवर, बुकमार्कच्या यादीत आणि शोधनिकालांत दिसणारे छोटे चौरस चित्र. मायक्रोसॉफ्टने मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर ते प्रथम आणले. संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरात ‘फेविकॉन डॉट आयसीओ’ या नावाची फाईल ठेवली की ब्राउझर ती आपणहून उचलत असे. आजही बहुतेक ब्राउझर तिथे डोकावतात. पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या, न दिसणाऱ्या हेड भागात लिंक टॅग नावाची ओळ लिहून चिन्हाचा पत्ता देण्याची रीत पुढे एचटीएमएल ५ मध्ये, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या पाचव्या आवृत्तीत, प्रमाण झाली. गिटहब पेजेससारख्या फुकट जागेवर ज्यांचे संकेतस्थळ पोटफोल्डरात असते, त्यांना हा टॅग लिहावाच लागतो, कारण मूळ फोल्डर त्यांच्या संकेतस्थळाचा नसतो.

आयसीओ फाईलमध्ये एकाच चित्राचे अनेक आकार राहू शकतात. नेहमीचे आकार १६, ३२ आणि ४८ पिक्सेलचे. १६ × १६ चे चित्र म्हणजे फक्त २५६ ठिपके. पारदर्शकतेसह, न दाबता साठवले तरी अशी फाईल १,१५० बाइटची होते. मेळघाटात किंवा भामरागडकडे, जिथे रेंज येते-जाते, तिथेही एवढे ओझे कुणाला जाणवत नाही. मोबाइलवर काढलेला शेताचा फोटो जसाच्या तसा चिन्ह म्हणून जोडला, तर मात्र जाणवते.

फोटो लहान करून फेविकॉन होत नाही, ते काढावे लागते. यंत्राने आकसलेल्या चित्राच्या कडा राखाडी होतात आणि टॅबवर नुसता डाग दिसतो. १९८० च्या दशकात डिझाइनर सुझन केअर यांनी ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाची चिन्हे आधी चौकटीच्या कागदावर, एकेक चौकट भरत तयार केली. गावातल्या कोणत्याही किराणा दुकानात मिळणारी चौकटीची वही आजही त्या कामाला पुरते, आणि लाईन गेली तरी काम थांबत नाही.

तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी बैल घेऊ. सोळा चौकटींच्या रुंदीत दोन्ही कडांना एकेक चौकट मोकळी, चाके चार-चार चौकटींची, मध्ये सहा चौकटींची जागा. चाकाचे चार कोपरे खोडले की ते गोल वाटते. आरे काढायला जागाच नाही. झूल, घुंगरू, डोळा सगळे सोडावे लागते. उरतात शिंगे, वशिंड आणि चाके, आणि पूर्व विदर्भातल्या माणसाला ओळख पटायला तेवढे पुष्कळ होते. सेवाग्रामचा चरखा या मापात टिकत नाही, त्याच्या बारीक रेषा एकमेकींत मिसळतात. लोणारचे विवर उलट सोपे आहे : एक कडे आणि आत हिरवा गोल.

वरूड-मोर्शीकडच्या बागायतदाराला संत्रे काढावेसे वाटणे साहजिक आहे. पण नारिंगी गोल आणि वर हिरवा ठिपका कुणाचाही असू शकतो. त्याच गोलात पांढरा ‘व’ बसवला, तर चिन्ह त्या बागेचे होते. देवनागरी अक्षर बसवताना हिशेब असा : वर-खाली एकेक ओळ सोडल्यावर चौदा उरतात, त्यांतल्या दोन शिरोरेषेला जातात, अक्षराला बारा मिळतात. गोलात बसवायचे तर आणखी दोन-तीन कमी होतात. वर मात्रा आली की आणखी तीन-चार ओळी गेल्या, म्हणून ‘मो’चा हट्ट न धरता ‘म’ घ्यावा. ‘ग’, ‘प’, ‘व’, ‘म’ ही उभ्या दांड्याची अक्षरे स्वच्छ उमटतात. ‘क्ष’, ‘झ’, ‘श्री’ यांचा गोळा होतो. शिरोरेषा पूर्ण पिक्सेलवरच बसली पाहिजे. अर्ध्यावर आली तर ती पुसट दिसते.

रंगाची निवड टॅबच्या पट्टीकडे पाहून करावी. ती काहींची पांढरी, काहींची काळी असते. पांढरे कापसाचे बोंड पारदर्शक पार्श्वभूमीवर ठेवले तर पांढऱ्या पट्टीवर ते नाहीसे होते. त्यामागे काळ्या मातीच्या रंगाचा चौरस दिला की प्रश्न मिटतो : फिकट पट्टीवर चौरस दिसतो, गडद पट्टीवर बोंड. एसव्हीजी प्रकारच्या, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकारांचे वर्णन लिहून साठवलेल्या चिन्हात तर गडद रूपासाठी वेगळे रंग त्याच फाईलमध्ये लिहून ठेवता येतात.

गावाकडे संकेतस्थळ बहुतेक मोबाइलवरच उघडले जाते, तेव्हा होम स्क्रीनवरच्या चिन्हाकडे जास्त लक्ष द्यावे. आयफोनसाठी १८० पिक्सेलचे, पीएनजी प्रकारचे चित्र लागते, आणि त्यात पारदर्शक भाग ठेवू नये, तो काळा दिसू शकतो. अँड्रॉइडसाठी १९२ आणि ५१२ पिक्सेलची चित्रे मॅनिफेस्ट फाईलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, चिन्हे वगैरे माहिती देणाऱ्या छोट्या फाईलमध्ये नोंदवतात. तिथे फोन चिन्ह गोलात कापू शकतो. कापायला दिलेल्या चित्रात बैलाची शिंगे मधल्या ८० टक्के व्यासाच्या वर्तुळातच राहिली पाहिजेत.

गिम्प या चित्रे काढण्याच्या मोफत प्रोग्राममध्ये प्रत्येक आकार वेगळ्या लेयरवर (थरावर) ठेवून आयसीओ म्हणून निर्यात केले की सगळे आकार एकाच फाईलमध्ये येतात. यालाही इंटरनेट लागत नाही. नवे चिन्ह चढवल्यावर जुनेच दिसत राहिले, तर फाईल चुकली असे लगेच समजू नये. ब्राउझर चिन्हे बराच काळ साठवून ठेवतात. लिंक टॅगमधल्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि नवा क्रमांक जोडला की ब्राउझर ताजी प्रत मागवतो.