बेळगावचा अंदाज म्हणजे कणकुंबीचा की अथणीचा?

जूनच्या पहिल्या आठवड्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या मामांचा फोन आला. धूळवाफ पेरून बसलेले, म्हणजे वळवाच्या ओलीवर नांगरट करून कोरड्या मातीत भात टाकलेलं, आता आठ-दहा दिवसांत पाऊस लागला नाही तर दाणे मुंग्या नि पाखरं खाणार. मला विचारतात, "मोबाईलवर तीन दिवस झालं ढगातनं पाणी गळतंय बाळ, पण जांबोटीच्या डोंगराकडं बघतोय तर काय न्हाय की रे अजून. ह्यो अंदाज कुणासाठी असतोय?" प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर बघायला दीडशे वर्षं मागं जायला लागतं.

हवामान खातं सुरू झालं १८७५ ला आणि लगेच १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला, त्यात तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला आपला भाग पण होरपळला. पाऊस आधी कळला तर बरं, हे सरकारला तेव्हा पटलं. ब्लॅनफोर्ड साहेब खात्याचे पहिले प्रमुख, त्यांनी हिमालयातल्या बर्फाचा हिशोब लावला, बर्फ जास्त तर मान्सून कमजोर, आणि ४ जून १८८६ ला पहिला अधिकृत अंदाज काढला. सगळ्या हिंदुस्थानासाठी एक, त्यात ब्रह्मदेश पण आला! अशा अंदाजावर खानापुरात कोण काय पेरणार ओ? तो सरकारी हिशोबासाठीच होता असं मला वाटतं. पुढं १८९९ ला चांगला पाऊस होणार म्हणून सांगितलं आणि पडला भयंकर दुष्काळ, त्यानंतर काही वर्षं तर अंदाज गुपचूप अधिकाऱ्यांनाच द्यायचे.

मग १९०४ ला आले गिल्बर्ट वॉकर. मूळचे गणिती, जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे गोळा करून बसले आणि त्यांना दिसलं की पॅसिफिकमधल्या दाबाची वर-खाली आपल्या मान्सूनशी जुळते. आज टीव्हीवर एल निनो एल निनो (पॅसिफिकचं पाणी तापणं) म्हणून जे घाबरवतात त्याचं एक टोक हे. १९२८ ला खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं (शिवाजीनगरच्या त्या बिल्डिंगला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात), १९३२ ला तिथं शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग झाला आणि १९४५ पासनं रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमी.

रेडिओ आला आणि आम्हा सीमेवरच्यांची खरी गंमत सुरू झाली. आमच्याकडं सांगली केंद्र लागायचं, धारवाड पण लागायचं. सांगलीवर "मध्य महाराष्ट्रात", धारवाडवर कन्नडमध्ये "उत्तर ओळनाडु", म्हणजे उत्तर अंतर्गत कर्नाटक. खात्याने देशाचे ३६ भाग पाडलेत, त्यात आपण कागदावर ह्या दुसऱ्या भागात, बिदर-गुलबर्ग्याच्या पंगतीला. आता निपाणीचा पाऊस गुलबर्ग्यासारखा कधी असतो का? तो कागल-कोल्हापूरसारखा, वेदगंगा-दूधगंगा तिकडनंच येतात. म्हणून म्हातारी माणसं ऐकायची सांगली, आणि शेवटी पंचांग काढून मृगाचं वाहन काय आलंय ते बघायची, बेडूक-म्हैस असेल तर खूश. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस हे शब्द अजून आहेत, पण त्यावरनं आपल्या गावात मंगळवारी पडणार का हे पंचांगाला पण सांगता येत नाही.

देशाचा आकडा बरोबर आला तरी आपलं भलं होतंच असं नाही, आणि कधी तो पण चुकतो. १९८८ पासनं सोळा घटकांचं एक मॉडेल वापरायचे, बरीच वर्षं देशाला दुष्काळ आला नाही त्यामुळं नाव झालं, मग २००२ ला सांगितलं सरासरीच्या १०१ टक्के आणि पडला ८१. जुलैत तर निम्माच पाऊस पडला. दुसऱ्या वर्षी मॉडेल बदललं. उलट २०२३ बघा, अंदाज ९६, पडला ९४, खात्याच्या हिशोबात पास. आणि त्याच वर्षी कर्नाटकात २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले!

तीन-चार दिवसांच्या अंदाजाची गोष्ट मात्र वेगळी, तो खरंच सुधारलाय. उपग्रह आले, गोव्यात ढग आणि पाऊस टिपणारं डॉप्लर रडार आलं, मोठ्या कॉम्प्युटरवर मॉडेल चालायला लागली. २००८ पासनं जिल्हावार अंदाज आणि सोबत पिकाचा सल्ला. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, घाटात जोर वाढणार, असं चार दिवस आधी सांगितलेलं आता बऱ्याचदा खरं ठरतं.

पण जिल्हा म्हणजे काय? बेळगाव जिल्ह्यात एका टोकाला कणकुंबी, मलप्रभेचा उगम, घाटमाथा, वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस. दुसऱ्या टोकाला अथणी, पाच-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढणारी. ह्या दोघांना मिळून एकच ऑरेंज अलर्ट! खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार पाऊस. कणकुंबीत जुलैमध्ये तेवढ्याला कोण छत्री पण शोधत नाही, अथणीत तेवढा पडला तर रानात तळं. आणि "तुरळक ठिकाणी" म्हणजे भागातल्या पाऊस मोजायच्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर, हे बातमीत कोण सांगतच नाही, लोक समजतात आपल्याकडं थोडा थोडा पडणार. म्हणजे तुमच्याकडं टिपूस न पडता पण तो अंदाज बरोबर निघू शकतो.

मॉडेल पण गावं बघत नाही, चौकोन बघतं. बरीच वर्षं देशाचं मुख्य मॉडेल साधारण १२ किलोमीटरच्या चौकोनाचं होतं, मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरचं आलं. डोंगर उतरून पूर्वेला आलात की दहा-पंधरा किलोमीटरमध्ये पाऊस निम्म्यावर येतो, जांबोटीत धो धो आणि खानापुरात रिपरिप हे आम्ही जन्मापासनं बघतोय. मोठ्या चौकोनात दोन्हीची सरासरी निघते, ती कुणाचीच नसते. वळवाचं तर विचारूच नका, तो ढग दुपारी तयार होतो, संध्याकाळी एका शिवारात पडून मोकळा, शेजारचं शिवार कोरडं. ह्याचा अंदाज दोन-तीन तास आधी रडारवर मिळाला तर मिळाला.

मोजायच्या बाबतीत मात्र कर्नाटक पुढं आहे हे मानायला पाहिजे. १९८८ ला दुष्काळावर लक्ष ठेवायला एक कक्ष निघाला, आताचं राज्य आपत्ती निगराणी केंद्र, त्यांनी होबळी (तालुक्यातला गावांचा गट) आणि पुढं ग्रामपंचायतीपर्यंत आपोआप आकडा पाठवणारी पर्जन्यमापकं बसवली, वरुणमित्र नावाची फोन हेल्पलाईन पण आहे. ऑक्टोबर २०२४ पासनं केंद्र सरकारने पंचायतवार अंदाज पण सुरू केला. गंमत अशी की त्याच वर्षी जिल्हावार सल्ला देणारी बरीच केंद्रं त्याच सरकारने बंद केली, म्हणजे आकडा गावात पोचला पण त्याचं काय करायचं हे सांगणारा माणूस कमी झाला. हे मला तरी उलटं वाटतं.

मामांना पंचायतवार अंदाज काढून वाचून दाखवला. म्हणाले, "आमच्या पंचायतीत चार वाड्या, दोन डोंगरात, दोन माळाला. कुठल्या वाडीचा म्हणून धरू?" चौथ्या दिवशी पाऊस लागला. डोंगरातल्या वाड्यांना. मामांचं रान माळाला, तिथं अजून दोन दिवस लागले.