बंद ऑटोक्लेव्हच्या आत: कॉम्पोझिटमधल्या सेन्सरांची पार्श्वभूमी

कार्बन फायबरचे थर लावलेला विमानाचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये (दाब आणि उष्णता देणाऱ्या बंद भट्टीत) गेला आणि दार बंद झालं, की पुढचे काही तास आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. तापमान साधारण १८० अंश सेल्सिअस, दाब सहा-सात बार. कार्बनच्या तंतूंना बांधून ठेवणारं रेझिन (दोन्ही मिळून कॉम्पोझिट) आधी पातळ होतं, मग जेलसारखं आणि शेवटी कडक. या क्रियेत ते स्वतःही उष्णता सोडतं, त्यामुळे जाड भागाचा गाभा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापू शकतो. यावरचा रूढ उपाय म्हणजे कडेला थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावायचे, ठरलेलं वेळापत्रक पाळायचं आणि खबरदारी म्हणून थोडा वेळ वाढवून द्यायचा.

१९८३ साली लूस आणि स्प्रिंगर या संशोधकांनी रेझिनचं हे तापणं, वाहणं, घट्ट होणं गणितात बसवलं. पण गणित पडताळायचं तर आत मोजायलाच हवं. त्याच दशकात एमआयटीतल्या स्टीफन सेन्चुरिया यांच्या गटाने डायइलेक्ट्रिक (विद्युत गुणधर्म मोजणारा) सेन्सर चिपवर आणला. रेझिनमधले आयन किती मोकळेपणाने सरकतात, यावरून ते कितपत घट्ट झालंय हे कळतं. कार्बन फायबर मात्र वीजवाहक. तो सेन्सरला टेकला की मोजमाप बिघडलंच.

काचेच्या तंतूला ती अडचण नव्हती. १९७८ साली ओटावात केनेथ हिल आणि सहकाऱ्यांना प्रकाशाने ऑप्टिकल फायबरच्या गाभ्यात कायमची जाळी (ठरावीक अंतरावरच्या बारीक रेषा) कोरता येते असं आढळलं. १९८९ मध्ये मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी अतिनील किरणांनी बाजूने हवी तशी जाळी कोरून दाखवली. ही ‘ब्रॅग ग्रेटिंग’ एकच तरंगलांबी परत पाठवते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास ती तरंगलांबी तापमानाच्या दर अंशामागे सुमारे १० पिकोमीटर सरकते. ताण पडला तरीही सरकते, म्हणून तापमान वेगळं मोजावंच लागतं. रेझिनने तंतू घट्ट धरला की थंड होताना साठत जाणारा ताणही दिसतो. माझ्या मते या तंत्राची खरी कमाई हीच. थर्मोकपल ते सांगूच शकत नाही.

पण नेहमीचा तंतू १२५ मायक्रॉनचा, प्रीप्रेगचा (रेझिन आधीच भरलेल्या कार्बनच्या कापडाचा) एक थरही जवळपास तेवढाच. कार्बनच्या दिशेला आडवा ठेवला तर दोन्ही बाजूंना डोळ्याच्या आकाराचे नुसत्या रेझिनचे कप्पे उरतात. टोकियो विद्यापीठात नोबुओ ताकेदा यांच्या गटाने त्यासाठी सुमारे ५० मायक्रॉनचे तंतू वापरले. कडेचा प्रश्न त्याहून रोकडा: भाग तयार झाला की कडा कापतात, आणि तंतू बाहेर येतो तोही बहुधा तिथूनच.