केएम (नॉलेज मॅनेजमेंट, म्हणजे संस्थेतलं ज्ञान सांभाळणारी) सिस्टीम यशस्वी झाली म्हणजे नक्की काय मोजलं? थोडी पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या फॅक्टरीत ऑडिटच्या आधीचा आठवडा बघा. क्वालिटीवाले शेअर्ड ड्राइव्हवर 'लेसन्स लर्न्ड'चे (कामातून शिकलेल्या धड्यांचे) फोल्डर भरत बसलेले असतात आणि सगळ्या फाइलींवर जवळपास एकच तारीख. २०१५ च्या आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या स्टँडर्डमध्ये ७.१.६ हा क्लॉज आला, म्हणजे कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवा, सांभाळा, लागेल त्याला मिळू द्या. त्यात कुठेही आकडा मागितलेला नाही, पण ऑडिटर समोर बसला की दाखवायला फाइलीच सोप्या पडतात.

खरं तर काय मोजायचं हा प्रश्न बडोद्याला नवा नसावा. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डनना बोलावून लायब्ररी खातं उभं केलं, मांडवीची सेंट्रल लायब्ररी, खेड्यापाड्यात फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या वगैरे. कपाटात पुस्तकं किती हा एक आकडा आणि लोकांनी घरी किती नेली हा दुसरा, एवढं लायब्ररीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. कंपन्यांना मात्र ते समजायला बराच वेळ लागला.

कंपन्यांमधली गाडी सुरू झाली १९९१ च्या आसपास. जपानच्या नोनाकांचा हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला लेख त्याच वर्षीचा, माणसाच्या हातात मुरलेलं पण कागदावर नसलेलं ज्ञान कंपनीच्या कामी कसं आणायचं यावर (मूळ मुद्दा तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यींचा, बराच आधीचा). त्याच वर्षी स्वीडनच्या स्कांडिया या विमा कंपनीने लेफ एडविन्सन यांना खास बौद्धिक भांडवल (लोकांकडचं ज्ञान, अनुभव वगैरे) सांभाळायला नेमलं आणि १९९४ मध्ये वार्षिक अहवालाला त्याची वेगळी पुरवणी जोडली. गाजलं खूप, पण ते शेअरहोल्डरांसाठी होतं, मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

माझ्या मते जास्त कामाचं निघालं ते १९९२ चं डिलोन आणि मॅक्लीन या दोन संशोधकांचं मॉडेल. ते मुळात साध्या इन्फर्मेशन सिस्टीमसाठी होतं, सिस्टीम चांगली का, माहिती चांगली का, लोक वापरतात का, खूश आहेत का आणि शेवटी माणसाला नि संस्थेला फरक काय पडला, अशी साखळी. यातलं 'वापर' हे प्रकरण जरा फसवं, कारण साहेबांनी लॉगिन कम्पल्सरी केलं की वापर शंभर टक्के, ज्ञान शून्य असू शकतं. २००३ मध्ये दोघांनी मॉडेल सुधारलं, सर्व्हिसचा दर्जा त्यात घेतला आणि परिणामांना 'निव्वळ फायदे' असं एकच नाव दिलं. पुढे जेनेक्स आणि ओल्फमन यांनी यावरूनच केएमसाठी वेगळं मॉडेल बांधलं.

पण खरी गंमत दोन कंपन्यांत झाली. झेरॉक्समध्ये ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने कॉपियर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनांबरोबर हिंडून बघितलं तर मॅन्युअलपेक्षा जेवताखाताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून मशीनचे प्रश्न जास्त सुटत होते! त्यातूनच पुढे युरेका सिस्टीम आली. टेक्निशियन टिप पाठवणार, जाणकार ती तपासणार, मग ती सगळ्यांना दिसणार आणि खाली पाठवणाऱ्याचं नाव. पैसे द्यायची कल्पना निघाली तर टेक्निशियननीच नको म्हटलं, मग लोक टिपा मोजत बसतील, दर्जाकडे कोण बघणार म्हणून.

इन्फोसिसने २००१ च्या सुमारास उलटा रस्ता धरला. पोर्टलवर काही टाकलं की नॉलेज करन्सी युनिट, म्हणजे पॉइंट, आणि पॉइंटांवर बक्षिसं. मटेरियल धो धो आलं, पण तपासणाऱ्यांची दमछाक झाली, दर्जा घसरला आणि शोधणाऱ्याला नेमकं हवं ते सापडेना. शेवटी त्यांनी स्कीम बदलली, नुसतं टाकण्यापेक्षा दुसऱ्याच्या उपयोगी पडल्यावर भर दिला. आकडा वर जातोय आणि सिस्टीम खाली, हे एवढं उघड दुसरीकडे क्वचितच दिसलं असेल.

२०१८ मध्ये आयएसओ ३०४०१ हे खास केएमचंच स्टँडर्ड आलं. तेही काय मोजायचं ते संस्थेवरच सोडतं, फक्त ठरवा आणि मोजा म्हणतं. त्यामुळे आमच्याकडच्या एका मेंटेनन्सवाल्याने आपल्यापुरतं ठरवलंय. ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये एक कॉलम वाढवलाय, 'आधी झालेलं होतं का, झालं असेल तर नोंद सापडली का', आणि दर महिन्याला तो फक्त दुसऱ्या उत्तरातले 'नाही' मोजतो.