दही अर्धवट लागलं तर आधी हे वाचा : फेजची शेपटी आणि आपलं कल्चर

नमस्कार मंडळी,

आम्ही डेअऱ्यांना दह्याचं कल्चर, म्हणजे विरजणाचे बॅक्टेरिया, पाउचमधून देतो, त्यामुळे पाडवा जवळ आला की आमच्या फोनला उसंत नसते. सिन्नर, ओझर, पंचवटी, जिकडून तिकडून एकच बोंब, "साहेब तुमचं कल्चर मेलेलं आलं, दूध तसंच पातळ आहे, आता चक्का काय टांगू?" बरं, त्याच लॉटचं पाउच शेजारच्या डेअरीत गेलेलं असतं आणि तिथे दही मस्त कडक लागलेलं असतं. म्हणजे कल्चर जिवंत आहे, तुमच्या व्हॅटमध्ये, म्हणजे दूध विरजायच्या टाकीत, ते मारलं जातंय. दुधात अँटिबायोटिक आलं असेल तरी असं होतं, पण सीझनमध्ये आमचा पहिला संशय फेजवर असतो. फेज म्हणजे बॅक्टेरियोफेज, बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस. डेअरीवाल्यांना हा नवा नाही, 1935 साली न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी चीजच्या कल्चरमध्ये तो दाखवला होता.

हा दिसतो कसा? वर एक डोकं, त्यात डीएनए ठासून भरलेला, आणि खाली लांब शेपटी. दही लावणाऱ्या लॅक्टोकोकस नावाच्या बॅक्टेरियावर येणारा पी-2 नावाचा फेज शास्त्रज्ञांनी खूप बारकाईने बघितलाय, त्याची शेपटी साधारण दीडशे नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग करा आणि त्यातले दीडशे घ्या. शेपटी आतून पोकळ, प्रोटीनच्या चकत्या एकावर एक रचून झालेली नळी. ती किती लांब व्हायची हे पण एक प्रोटीनच ठरवतं, नळी तयार होताना ते आत मोजायच्या टेपसारखं ताणलेलं असतं, ते प्रोटीन आखूड केलं तर शेपटी पण आखूड होते.

खरी गंमत शेपटीच्या टोकाला आहे. तिथे बॅक्टेरियाला पकडणारी 18 प्रोटीनं आहेत, तीन-तीनच्या सहा जुड्या. फेज नुसता फिरत असतो तेव्हा या जुड्या वर डोक्याकडे तोंड करून असतात, वाऱ्याने उलटलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या. कॅल्शियम मिळालं की त्या जवळजवळ 200 अंश फिरून खाली येतात, पकडायची बाजू बॅक्टेरियाकडे होते, आणि त्याच वेळी टोकाशी असलेली आणखी तीन प्रोटीनं बाजूला सरकून मधे भोक उघडतं. डीएनए आत जायचा रस्ता तोच. ही रचना 2010 मध्ये प्रसिद्ध झाली, फोटो बघाल तर मशीनचा पार्टच वाटेल.

आता कॅल्शियम म्हटल्यावर काही जण विचारतात, मग दुधातलं कॅल्शियमच बांधून टाकलं तर? नका हो. आम्ही लॅबमध्ये मदर कल्चर, म्हणजे पाउचसाठीचं मूळ विरजण, वाढवताना फॉस्फेट घालून तेच करतो, पण तुमच्या व्हॅटमध्ये ते केलं तर दह्याचाच बट्ट्याबोळ होईल. शिवाय टीपी-901-1 म्हणून दुसरा फेज आहे, त्याच्या टोकाला अशी 54 प्रोटीनं आणि ती आधीपासूनच खाली तोंड करून तयार, त्याला कॅल्शियमची वाट बघायची गरजच नाही.

ही पकडणारी प्रोटीनं बॅक्टेरियाच्या अंगावरची साखरेची साखळी ओळखतात, आणि ही साखळी स्ट्रेननुसार, म्हणजे बॅक्टेरियाच्या पोटजातीनुसार, थोडी वेगळी असते. आपल्या धंद्याच्या कामाची गोष्ट हीच आहे. एका स्ट्रेनला धरणारी शेपटी दुसऱ्यावर बहुतेक वेळा बसत नाही. माणसाच्या पेशीवर तर नाहीच नाही, त्यामुळे फेजमुळे कोणी आजारी पडत नाही, पण आंबटपणा वेळेत आला नाही तर नको ते जंतू त्या दुधात वाढतात, म्हणून फसलेलं दूध "चालेल, ताकात घालू" म्हणत वापरू नका.

म्हणून आम्ही पिवळं, निळं, हिरवं अशी तीन पाउचं देतो. तिन्हीत स्ट्रेन वेगळे. आज पिवळं, उद्या निळं, परवा हिरवं, मग परत पिवळं. "मला पिवळ्याचीच चव जमते" म्हणून महिनाभर तेच वापरणारे बरेच आहेत, आणि पिवळ्यावर बसणाऱ्या फेजला यापेक्षा जास्त काय पाहिजे? फेज एका बॅक्टेरियात शिरला की तासाभरात तो बॅक्टेरिया फुटतो आणि डझनांनी, कधी शंभरावर नवे फेज बाहेर पडतात. कालच्या दह्याचं विरजण आज लावलं तर हे सगळं नव्या दुधात आयतं पोचतं. घरचं विरजण वर्षानुवर्षं चालतं हे खरंय, पण त्यात बऱ्याच जातींची सरमिसळ असते, एक पडली तर दुसरी उभी राहते. पाउचमध्ये मोजकेच स्ट्रेन असतात.

नुसत्या पाश्चरायझेशनने फेज मरेल या भरवशावर राहू नका, 72 अंश आणि 15 सेकंद त्यातले बरेच सहज काढतात. 90 अंशावर दूध काही मिनिटं धरलं तर पुष्कळ मरतात, तरी सगळे नाही. पण आम्ही जागेवर येऊन बघतो तेव्हा गडबड बहुतेक चक्क्याच्या पाण्यात असते. फडकी टांगलेली, पाणी ठिबकतंय, त्याच खोलीत उघडा व्हॅट, वरून फुल स्पीडमध्ये पंखा. त्या पाण्याचे बारीक थेंब हवेतून दुधात जातात. चक्का टांगायची जागा वेगळी करा, तेवढी जागा नसेल तर निदान पंखा बंद आणि व्हॅटवर झाकण. भांडी आधी घासून स्वच्छ करायची आणि मग पेरासिटिक ॲसिड किंवा क्लोरीन, चिकट भांड्यावर नुसतं ओतून उपयोग नाही. स्पिरिटच्या फडक्यावर विसंबू नका.

तरी दही फसलंच तर ओतून द्यायच्या आधी त्यातलं अर्धा कप उकळलेल्या कोरड्या बाटलीत भरा, त्यावर पाउचचा रंग, लॉट नंबर आणि विरजल्याची वेळ लिहा आणि बर्फात ठेवून आमच्या गाडीवाल्याकडे द्या. आम्ही ते बारीक फिल्टरमधून गाळतो, बॅक्टेरिया वर अडकतात, फेज खाली जातो. मग ते गाळलेलं पाणी पातळ करत करत तुमच्याच कल्चरच्या प्लेटवर घालतो. दुसऱ्या दिवशी प्लेटवर वाढलेल्या बॅक्टेरियाच्या दुधट थरात टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ गोल ठिपके दिसले तर फेज नक्की. अँटिबायोटिक असेल तर असे सुटे ठिपके येत नाहीत, मग दूध कुठून आलं ते शोधायचं. रिपोर्ट येईपर्यंत तो रंग बंद ठेवा आणि दुसऱ्या रंगाने काम चालू द्या. टेस्टचे पैसे घेत नाही, बाटली तेवढी परत पाठवत नाही.